उघाडीवरची रेंज

मिठागरावर फोनला रेंज यायची ती एकाच जागी, उघाडीपाशी. खाडीचं पाणी आत घ्यायची लाकडी झडप म्हणजे उघाडी. तिच्या शेजारी बांध जरा उंच होता आणि त्यावर सिमेंटचा एक ठोकळा पडलेला होता. ठोकळ्यावर चढायचं, शहराकडे तोंड करायचं, फोन कानापासून थोडा लांब धरायचा, की एखादी दांडी उगवायची. मान वळवली की मावळायची. पलीकडून सारखं ‘काय? काय?’ यायचं, म्हणून बोलणाऱ्याला ओरडावं लागे. आगर सगळं सपाट, आडोसा कसलाच नाही. त्यामुळे ठोकळ्यावर चढलेल्या माणसाच्या घरातलं सगळं उन्हात येई. कुणाचा जावई निघून गेला, कुणाची पोरगी परीक्षेत नापास झाली, हे आधी आगराला कळे. मुकादमाला मूळव्याध आहे, हेही तिथूनच कळलं होतं. लोक त्या जागेला कचेरी म्हणत.

थोरली, घरातली मोठी सून, कचेरीवर कमीत कमी बोलायची. ठीक आहे, जेवलो, ऊन फार आहे, ठेवते. तिचा नवरा तर तेवढंही बोलत नसे. दोघांत एकच फोन होता. मिठाच्या दमट हवेनं आधीचा फोन खाल्ला होता, म्हणून हा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून ठेवलेला असे. पिशवी घामानं धुरकट झालेली. आत काय दिसतंय ते नीट कळायचं नाही.

हंगाम सुरू झाला की दोघं घर बंद करून आगरावरच्या झोपडीत राहायला येत. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून सोबत सासू असायची. म्हातारी झोपडीत बसून स्वयंपाक करी, गोड्या पाण्याची पिंपं राखी, येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोले. यंदा मात्र हंगामाच्या तोंडालाच ती बांधावरून घसरली आणि कमरेत धरली. आगरावर लंगडणाऱ्या माणसाला चालायला वाट नाही. मग धाकटा दीर येऊन तिला शहरात आपल्या खोलीवर घेऊन गेला. जाताना म्हातारीनं थोरलीचा हात धरला होता आणि सोडत नव्हती. दिराला वाटलं, माया आहे. माया होतीच. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते या दोघींनाच माहीत होतं.

म्हातारीचं अंथरूण रात्री ओलं होई. पहिल्यांदा झालं त्या पहाटे थोरलीला वास आला आणि ती उठून बसली, तर म्हातारी भिंतीला टेकून जागीच होती. म्हणाली, “तांब्या लवंडला गं.” थोरली म्हणाली, “लवंडला असेल.” नवरा उठायच्या आत तिनं गोधडी बाहेर नेऊन धुतली. त्यानंतर तांब्या वरचेवर लवंडायचा. थोरली झोपताना तो मुद्दाम म्हातारीच्या उशाशी ठेवायची, आणि पहाटे गोधडी उचलताना हातानंच आडवा करून जायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, रोज काय गोधड्या धुतेस. ती म्हणाली, मिठानं चिकट होतात. यावर दोघी सासवासुनांत कधी एक शब्द झाला नाही.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून येत होतं. हंगाम संपायला अवकाश होता, तरी खाडीच्या बाजूनं काळं होत आलेलं. कोंड्यांमध्ये, म्हणजे बांधांमधल्या चौकोनी वाफ्यांमध्ये, मीठ पिकून पांढरं पडलं होतं आणि पाऊस आला असता तर डोळ्यांदेखत सगळं पुन्हा पाणी होणार होतं. मुकादमानं सगळ्यांना उघाडीकडच्या कोंड्यांवर लावलं. पुरुष लांब दांड्याच्या फळ्यांनी मीठ ओढून कडेला आणत होते, बाया पाट्या भरून बांधावरच्या राशीवर ओतत होत्या. थोरलीच्या टाचांना भेगा होत्या आणि मीठ त्यांत जाऊन बसलं होतं. एरवी सकाळी एकदा झोंबून मग पाय बधिर व्हायचे. त्या दिवशी हवा इतकी ओली होती की झोंबणं थांबतच नव्हतं. मानेत पाटीचं वजन बसलेलं. नवरा दोनदा तिच्यावर खेकसला होता, पाटी अर्धीच का भरतेस म्हणून, आणि ते चार बायांनी ऐकलं होतं.

दुपार कलताना फोन वाजला. ती नेमकी उघाडीपाशी होती, म्हणून तो वाजला तरी. तिनं पाटी टाकली, ओले हात फडक्याला पुसले, ठोकळ्यावर चढली. धाकटी जाऊ बोलत होती. आवाज मध्येच यायचा, मध्येच विहिरीत गेल्यासारखा व्हायचा.

धाकटी सांगत होती की आई रात्रभर झोपत नाहीत. भिंतीला टेकून बसून राहतात. आडव्या व्हा म्हटलं तरी होत नाहीत. दिवसा डुलक्या काढतात आणि सारखं म्हणतात, मला थोरलीकडे सोडा. इथं काही कमी पडतंय का, का आमचं काही चुकलंय, तुम्हाला तरी माहीत असेल, तिकडे झोपायच्या का?

थोरलीला सगळं समजलं. म्हातारी का बसून राहते ते तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण ती ठोकळ्यावर उभी होती, खाली बाया पाट्या ओतत होत्या, आणि धाकटीला सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. ती म्हणाली, “हॅलो, ऐकू येत नाही.” ऐकू येत होतं. धाकटीनं पुन्हा विचारलं. थोरली पुन्हा म्हणाली, “आवाज तुटतोय. नंतर बोलू.” मग खरोखरच पलीकडचा आवाज बंद झाला. तिनं पिशवीतल्या फोनकडे पाहिलं. काळं दिसलं. कट झाला असं समजून ती फोन हातात तसाच धरून खाली उतरली.

खाली शिडी उभी होती. शिडी म्हणजे पलीकडच्या झोपडीतली बाई, अंगानं उंच आणि तोंडानं मोकळी. तिनं विचारलं, सासूबाई काय म्हणतात. बाकीच्या बायाही जरा थांबल्या. नवरा फळीवर हात ठेवून पाठ ताणत होता.

थोरलीनं नुसतं बरं आहे म्हटलं असतं तर चाललं असतं. पण तिच्या टाचा पेटलेल्या होत्या, नवऱ्याचं खेकसणं पोटात होतं, आणि म्हातारीला परत आणायची म्हणजे काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते एकदम वर आलं. ती म्हणाली की इकडे यायचं म्हणतेय. येईल की. पहाटे उठून हिची गोधडी धुवायला मी आहेच.

शिडी म्हणाली, म्हणजे?

“म्हणजे काय, रोज तांब्या लवंडतो.” आणि थोरलीनं म्हातारीचा आवाज काढला. तोंड बारीक केलं, मान हलवली, एक हात कमरेवर ठेवला. “तांब्या लवंडला गं. तांब्या लवंडला.” मग आपल्या आवाजात म्हणाली, “एवढा तांब्या लवंडला असता तर एव्हाना आगर भरलं असतं.”

बाया हसल्या. शिडी तर पाटीवर बसून हसली. थोरलीलाही हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या मानेतला ताण सुटला, आणि कुणीतरी आपल्या बाजूनं आहे असं वाटलं. म्हणून तिनं पुन्हा एकदा करून दाखवलं. या वेळी आवाज आणखी हुबेहूब निघाला.

हसणं ओसरलं तेव्हा तिच्या हातातून बारीक आवाज आला. आधी तिला कळलंच नाही कुठून येतोय. मग तिनं पिशवी कानाजवळ नेली. धाकटीचा आवाज होता, इतका स्वच्छ की कधी आला नव्हता.

“वहिनी, बास करा. फोन चालू आहे. स्पीकरवर आहे. आई इथं बसल्यात.”

त्यानंतर खरोखर काही आलं नाही.

थोरली पुन्हा ठोकळ्यावर चढली. रबर काढलं, फोन पिशवीतून बाहेर काढला, मिठाच्या बोटांनी नंबर लावला. लागला नाही. शहराकडे तोंड केलं, खाडीकडे केलं, फोन डोक्यावर धरला. पलीकडची रेकॉर्डची बाई एकच वाक्य सांगत राहिली. खाली बायांनी पाट्या उचलल्या होत्या. कुणी वर पाहत नव्हतं. शिडी आपल्या पाटीत पाहून मीठ दाबत होती, जणू ते दाबायची गरज होती.

नवरा मात्र तिच्याकडे पाहत होता. त्यालाही हे आजच कळलं होतं. आपल्या आईचं, आणि ते सगळ्यांच्या हसण्यातून.  खाली वाकून त्यानं फळी ओढायला घेतली, आणि अंधार पडेपर्यंत ओढत राहिला. जेवताना एवढंच म्हणाला की मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, त्यांना आवडलं नसतं. हे बोलताना तिच्या लक्षात आलं की आज सकाळपर्यंत हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला नाही, आभाळ तसंच लोंबत राहिलं. ती प्रत्येक खेपेला पाटी ओतून झाली की ठोकळ्यावर चढायची. मुकादम म्हणाला, कचेरीत आज फार तारखा दिसतात. कुणी हसलं नाही, म्हणून तो जास्तच चिडला. दुपारनंतर कधीतरी फोन लागला. दिरानं उचलला.

ती म्हणाली, “भाऊजी, आईंना द्या.”

तो म्हणाला, “काय?”

“आईंना फोन द्या. माझं चुकलं म्हणायचंय.”

“काय? मोठ्यानं बोला वहिनी, काही कळत नाही.”

“चुकलं माझं,” ती ओरडली.

“काय चुकलं?”

 खाली सगळं आगर पाट्या घेऊन येत-जात होतं. काय चुकलं ते सांगायचं म्हणजे तेच पुन्हा, त्याच जागेवरून, आणखी मोठ्यानं. दीर हॅलो हॅलो करत राहिला. मग तो काही सांगू लागला, त्यातले तुकडेच तिला मिळाले. आई... कालपासून... पाणी... पीत नाही... डॉक्टर... मग दांडी गेली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं की ती उद्या शहरात जाते. त्यानं आभाळाकडे पाहिलं. एक माणूस कमी म्हणजे राशी झाकायच्या राहणार, हे दोघांनाही दिसत होतं. मुकादम तर म्हणालाच, की आता पाय बाहेर टाकलास तर पुढच्या हंगामाला येऊ नकोस. नवरा म्हणाला, तिच्या वाटणीच्या पाट्या मी वाहतो. मग तिला म्हणाला, जा. बाकी काही नाही. निरोप दिला नाही, की आईला काही सांग म्हटलं नाही.

सकाळी मीठ भरून निघालेल्या टेम्पोत पोत्यांवर बसून ती हमरस्त्यापर्यंत गेली, तिथून बस. बस शहराकडे सरकू लागली तसा हातातला फोन थरथरायला लागला. आलेले, न लागलेले सगळे कॉल एकापाठोपाठ एक दिसू लागले. दांड्या भरभरून आल्या. शेजारची बाई हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती, फोनमध्ये कुजबुजत, मधूनच हसत. थोरली पाहत राहिली. असं बोलता येतं, हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. आता फोन लावला असता तर लागला असता. तिनं तो पिशवीत घातला आणि रबर लावलं.

दिराची खोली एका लांबट चाळवजा इमारतीत, जिन्याच्या अंगाला होती. दार उघडं होतं. दीर रखवालदारीच्या कामाला निघायच्या तयारीत गणवेशाची बटणं लावत होता. तिला पाहून तो गडबडला. या म्हणाला, बसा म्हणाला, आणि मग खालच्या आवाजात सांगू लागला की आई अन्न थोडं घेते, पण पाण्याला हात लावत नाही. चहासुद्धा नाही. औषधाची गोळी कोरडी गिळते. काल चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. एवढं बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. फळीवर, साबण-तेलाच्या शेजारी, मोठ्या माणसांच्या लंगोटांचं एक पाकीट होतं. दारातून येणाऱ्याला आधी तेच दिसे. त्यानं स्वतः दुकानातून आणलं असणार. कुठं ठेवायचं ते त्याला सुचलं नसणार. तो कामावर निघून गेला.

म्हातारी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. खाटेवर नवंकोरं निळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर चादर. हलली की प्लास्टिक वाजायचं. थोरली खाली फरशीवर बसली. बऱ्याच वेळानं म्हातारी वळली. ओठ सोललेले, जीभ आत कोरडी. डोळे मात्र रोजचेच.

म्हणाली, “मीठ उचलून झालं?”

थोरली म्हणाली, नाही अजून.

“मग आलीस कशाला? आभाळ आलंय म्हणत होता हा.”

थोरलीनं बसल्या जागेवरूनच तिच्या पायांना हात लावला. आल्यावर काय बोलायचं ते तिनं बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही उरलं नाही. माझं तोंड झडलं कसं नाही, एवढंच ती म्हणाली, आणि रडू लागली. म्हातारीनं पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही. रडणं संपेपर्यंत थांबली.

मग थोरली उठली. माठातून पेलाभर पाणी घेऊन आली. म्हणाली, “घ्या आई. अंथरूण ओलं झालं तर होऊ दे. मी आहे ना, मी धुते. आजवर धुतलंच की.”

म्हातारी पेल्याकडे पाहत राहिली. घशातून काहीतरी गिळल्यासारखं केलं, पण हात पुढे केला नाही.

“तू धुवायचीस तेव्हा मला लाज वाटायची नाही,” ती म्हणाली. “आता वाटते.”

थोरलीनं पेला खाली ठेवला. तो ठेवायला कुठं जागा आहे ते तिला दिसेना, म्हणून फरशीवर, दोघींच्या मध्ये ठेवला. नंतर म्हातारी सहज बोलावं तसं बोलली, की तुझा तो आवाज हुबेहूब होता. मी स्वतः ऐकलं तेव्हा मलाच वाटलं मी बोलतेय. आणि हसणाऱ्यांत ती उंच बाई होती ना, तिचं हसणं ओळखलं मी. माझ्या हातचं जेवलीय ती.

 

धाकटी दिवेलागणीला आली. ती कपडे शिवायच्या कारखान्यात यंत्रावर बसायची. दिवसभर बसून तिचे घोटे सुजलेले असत, केसांत दोऱ्याचे तुकडे. थोरलीला पाहून ती ‘आलात’ म्हणाली. पाया पडली नाही, विचारपूसही केली नाही. चप्पल काढली, तोंड धुतलं, आणि फरशीवरचा भरलेला पेला पाहिला. तो उचलून तिनं स्वतःच पिऊन टाकला. मग माठातून दुसरा भरला आणि खाटेच्या कडेला बसली. प्लास्टिक वाजलं.

“आई,” ती म्हणाली, “एक सांगू? माझंही तसंच होतं. बाळंतपणानंतर सुरू झालं. शिंकले, खोकले, हसले, की झालं. यंत्रावर बसते तेव्हा खाली दुहेरी कापड घेऊन बसते. मुकादमीण दोनदाच उठू देते. ह्यांना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला? या वयात?”

“मला. अर्ध्या कारखान्याला असेल. कुणी बोलत नाही.”

“आणि मग पाणी?”

“पिते. नाही प्यायले तर डोकं दुखतं आणि टाके वाकडे पडतात.”

धाकटीनं हे थोरलीसमोर सांगितलं. थोरली जणू तिथं नव्हतीच, किंवा असली तरी आता काय फरक पडतो, अशा आवाजात.  म्हातारीनं विचारलं, हसल्यावर पण? धाकटी म्हणाली, हसल्यावर तर हमखास. म्हातारीच्या सोललेल्या ओठांच्या कडा हलल्या. धाकटीनं पेला तिच्या तोंडाशी नेला आणि ती प्यायली. घोट घोट करून सगळं प्यायली. थोडं हनुवटीवरून खाली सांडलं, ते धाकटीनं आपल्या ओढणीनं पुसलं. मग तिनं आणखी मागितलं.

थोरली खालीच बसलेली होती. तिला फार बरं वाटलं आणि त्याच वेळी तिथून उठून जावंसं वाटलं.

सकाळी तिला जाग आली तेव्हा खाट रिकामी होती. म्हातारी दारात खुर्चीवर बसली होती, उन्हाचा पट्टा पायांवर घेऊन. धाकटी जिन्याखालच्या नळावर चादर धूत होती. शेजारची कुणी बादली घेऊन आली, तिनं विचारलं, आज सकाळी सकाळी चादर? धाकटी पिळता पिळता म्हणाली, आईंची रात्री ओली झाली. शेजारीण म्हणाली, माझ्या वडलांचंही तसंच असतं, प्लास्टिक कुठून आणलंस? आणि दोघी प्लास्टिकबद्दल बोलू लागल्या. म्हातारी दारात बसून ऐकत होती. तिनं मान खाली घातली होती, पण आत गेली नाही.

थोरली पुढे होऊन चादर घ्यायला गेली. धाकटी म्हणाली, झालंच, वहिनी. तिनं चादर समोरच्या दोरीवर, रस्त्याच्या बाजूला टाकली.

निघताना थोरलीनं म्हातारीला विचारलं की माझ्याबरोबर येता का. नवरा वाट पाहतोय, असंही म्हणाली. ते खरं असावं.

म्हातारी म्हणाली, “नको. तिथं पुन्हा लपवत बसावं लागेल. आणि लपवून तरी काय, तिथंही सगळ्यांना झालंच आहे माहीत. इथं निदान मी काही बोलले नाही तरी चालतं.” मग म्हणाली, “टाचांना तेल लाव. चालण्यात दिसतं तुझ्या.”

धाकटी कारखान्याच्या वाटेवर होती, म्हणून बसथांब्यापर्यंत बरोबर आली. थोरलीला काहीतरी द्यायचं होतं आणि तिच्याजवळ एवढंच होतं, म्हणून ती चालता चालता सांगू लागली. आईंना पहाटे एकदा उठवलं तर निभतं. उठवताना डावा हात धरायचा, उजवा खांदा दुखतो. गोधडी दुहेरी घालायची, एकेरी नाही. आणि विचारायचं नाही, नुसतं...

“त्या सांगतील मला,” धाकटी म्हणाली. “काल रात्री सांगितलं, कुठला हात धरायचा ते.”

 बस दिसू लागली तेव्हा धाकटी म्हणाली की मी डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या, आई झोपत नाहीत म्हणून. त्या दिल्या असत्या तर काय झालं असतं कुणास ठाऊक. तुम्ही बोललात म्हणून कळलं तरी. तिनं आपली डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“पण त्या वेळी आई फोनकडे बघत होत्या, वहिनी. फोन बंद करावा एवढंही मला सुचलं नाही. तुमचा आवाज ऐकू येईना म्हणून त्या अगदी जवळ सरकून बसल्या होत्या. आणि मग तो ऐकू आला.”

बस आली.

रस्त्यात पाऊस लागला. हमरस्त्याला उतरेपर्यंत थांबलाही होता. बांधावरून चालताना तिला दिसलं की उघाडीकडच्या राशी झाकलेल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या झोपडीजवळची रास मात्र अर्धी उघडी राहिली होती आणि तिच्यावर पावसानं ओघळ पाडले होते. खाली चिखलात पांढरट पाणी साचलेलं. नवरा गुडघ्यावर बसून हातानं मीठ वर लोटत होता. त्याचे हात कोपरापर्यंत सोललेले. बायांनी तिला येताना पाहिलं. शिडीनं पाटी खाली ठेवली आणि दोन पावलं पुढे आली, मग थांबली, आणि पाटी पुन्हा उचलली.

थोरलीनं फोन झोपडीत ठेवला, फडकं डोक्याला बांधलं आणि नवऱ्याशेजारी बसून मीठ लोटू लागली. ओलं मीठ जड होतं आणि बोटांतून निसटत होतं. बराच वेळ दोघं तसेच लोटत राहिले.

“आई कशी आहे?” त्यानं विचारलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

“पाणी पितात,” ती म्हणाली.

त्याचे हात क्षणभर थांबले, मग त्यानं पुन्हा मिठात हात घातले. कुणाच्या हातून पितात ते तिनं सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.